शंभर टक्के नैसर्गिक, पण वरचा एक इंच

गादीची शिवण उसवली आणि आत चिवडा निघाला. दुसरा शब्द सुचत नाही. निळे, पिवळे, गुलाबी, राखाडी फोमचे बारीक तुकडे, गोंदाने एकत्र दाबून केलेला पाच इंचांचा ठोकळा. त्याच्यावर एक इंच जाडीचा, सायीच्या रंगाचा, भोकाभोकांचा थर. त्या एका इंचासाठी मी ३८,५०० रुपये मोजले होते.

आमची जुनी फोमची गादी मधोमध खोलगट झाली होती. घरात दोन वर्षांची मुलगी, तिला सारखी सर्दी, त्यामुळे आता घ्यायची तर रसायनांचा वास नसलेली, निसर्गाला त्रास न देणारी घ्यायची असं मी ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पिंजाऱ्याला बोलाव, कापूस पिंजून नवी खोळ शिवून देईल." मी हसले. दर वर्षी उन्हात कोण टाकणार, गोळे कोण मोडणार! शिवाय मला हवी होती नैसर्गिक लॅटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेली गादी. तिचा मी बराच अभ्यास केला होता, आणि त्या अभ्यासानेच घात केला.

अभ्यास असा, की रबराच्या झाडाला खाच मारून चीक गोळा करतात. तो फेटून फेस करतात, साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात, थोडीफार इडलीच. साच्यात खिळ्यांसारख्या सळया असतात, म्हणून तयार लॅटेक्सला सरळ रांगेत भोकं पडतात. आपल्याकडे रबराची लागवड मुख्यतः केरळात आहे. पेट्रोलियमपासून बनणारं कृत्रिम लॅटेक्सही असतं आणि पुष्कळदा दोन्हींची भेसळ असते, त्यामुळे पाटीवर नुसतं 'लॅटेक्स' असेल तर त्यावरून काहीच कळत नाही. हे सगळं मला पाठ होतं. खरं लॅटेक्स वजनदार असतं, ७२ बाय ६० ची सहा इंची गादी तिशीच्या पुढे किलो भरते, हेसुद्धा पाठ होतं.

दुकानदार गोड माणूस. "ताई, हात लावून बघा," म्हणत त्याने काउंटरखालून वीतभर तुकडा काढला. मऊ, लवचिक, रांगेत भोकं असलेला. तो तुकडा खराच होता, हे आजही मान्य करते. भिंतीवर फ्रेममध्ये सेंद्रिय प्रमाणपत्र टांगलेलं. मी त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला, वाचला मात्र नाही. गादी उघडून दाखवा म्हटलं, तर म्हणाला, "आतलं कापड शिवलेलं असतं, उसवलं की वॉरंटी जाते. कंपनीचा नियम आहे." मीही मान डोलावली. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. त्याच वाक्याला मी उठून बाहेर पडायला हवं होतं.

गादी आली तेव्हा दोघा हमालांना तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. मी मनात खूश, वजन आहे म्हणजे माल खरा! फोमच्या कातरणांचा दाबलेला ठोकळाही तितकाच जड असतो, हे माझ्या अभ्यासात नव्हतं. पहिल्या रात्रीपासून गोंदासारखा उग्र वास. फोन केला तर उत्तर, "नैसर्गिक रबराचा वास आहे ताई, पंधरा दिवसांत जाईल." दोन महिने गेला नाही. लॅटेक्सला थोडा रबरी वास असतो खरा, पण हा वेगळाच होता, नवीन चपलांच्या दुकानात येतो तसा.

मग एका दुपारी मुलीने गादीवर अख्खा पेला हळदीचं दूध सांडलं. वरची खोळ चेन उघडून काढली, तर खालच्या शिवलेल्या कापडालाही डाग. वॉरंटी गेली तर गेली, म्हणून कात्री घेतली.

दुकानात जाऊन मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्याचा चेहराही बदलला नाही. "वरती लॅटेक्स आहे ना? ते शंभर टक्के नॅचरलच आहे. पूर्ण गादी शंभर टक्के, असं आम्ही कुठे म्हटलं?" आणि वर, "खालचा माल रिबॉन्डेड आहे, टाकाऊ फोमपासून केलेला. म्हणजे तो तर अजूनच इको-फ्रेंडली!" क्षणभर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टाकाऊ फोम पुन्हा वापरणं वाईट नाहीच, पण मग तो फोमच्या भावात आणि फोम म्हणून विका की!

बिल काढून पाहिलं. त्यावर 'मॅट्रेस ७२×६०×६, नग १' एवढंच. ना लॅटेक्स, ना नैसर्गिक. भिंतीवरच्या प्रमाणपत्राचा फोटो मोठा करून पाहिला, तर ते एका कापड गिरणीच्या नावाचं, सुती कापडासाठीचं, आणि त्याचीही मुदत उलटलेली. गॉट्स हे सेंद्रिय प्रमाणपत्र कापसासारख्या धाग्या-कापडाचं असतं, लॅटेक्ससाठी गॉल्स हे वेगळं प्रमाणपत्र, आणि त्यात किमान ९५ टक्के सेंद्रिय लॅटेक्स लागतं. ओइको-टेक्स दाखवतात तेही घातक रसायनांची तपासणी झाल्याचं सांगतं, माल सेंद्रिय असल्याचं नाही. प्रमाणपत्रावर कोणाचं नाव आहे, कशासाठी दिलंय आणि तारीख काय, एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात. कंपनीचं नाव टाकून ऑनलाइन पडताळताही येतं. मी फक्त फ्रेम पाहिली होती.

मला वाचवलं एका व्हॉट्सॲप मेसेजने. भाव ठरवताना त्याने स्वतः लिहिलं होतं, '६ इंच १००% नॅचरल लॅटेक्स, फायनल ३८,५००'. तो मेसेज आणि फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. शोधताना कळलं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा 'हिरव्या', म्हणजे माल पर्यावरणपूरक असल्याच्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की तिच्या एखाद्या भागाबद्दल, हे स्पष्ट सांगायला हवं, असं त्यात आहे. माझ्या गादीसाठीच लिहिल्यासारखं! जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही तेव्हाच समजलं.

पण आयोगापर्यंत मी गेले नाही. तक्रारीनंतर आठवड्याभरात दुकानदाराचा फोन आला. सूर एकदम वेगळा. उसवलेली गादी परत घेणार नाही, पण पंधरा हजार देतो म्हणाला. ह्यांचं म्हणणं होतं लढू या. मी घेतले. मुलगी आजारी, ऑफिसात वर्षअखेर, अंगात त्राण नव्हतं. काहींना हे पटणार नाही, मलाही पूर्ण पटलेलं नाही.

त्यानंतर मैत्रिणीसोबत तिच्या गादीसाठी हिंडले. नारळाच्या काथ्याला लॅटेक्स फवारून केलेल्या गाद्याही पाहिल्या. त्यातही वरच्या थरात गुपचूप फोम असू शकतो, म्हणून प्रत्येक दुकानात मी आधी एकच विचारायचे, आतल्या कापडालाही चेन आहे का आणि ती माझ्यासमोर उघडाल का? तीन ठिकाणी 'नाही' ऐकून आम्ही पायऱ्या उतरलो. चौथ्याने न बोलता चेन ओढली, कडेचे सगळे थर दाखवले आणि कोणता थर कशाचा, किती इंचांचा, हे बिलावर लिहूनही दिलं. भाव त्याचाही जास्तच होता.

आमची गादी आता हॉलमध्ये जमिनीवर असते, मुलगी तिच्यावर उड्या मारते. सासूबाईंनी या सगळ्यावर एक अक्षरही काढलेलं नाही. फक्त फ्रिजवर पिंजाऱ्याचा नंबर चिकटवून ठेवलाय.