नोकोगिरियामा : वेरूळच्या परिसरातील माणसाने आवर्जून पाहावा असा डोंगर

टोकियो उपसागराच्या काठी, चिबा प्रांतात उभा असलेला नोकोगिरियामा अवघा ३२९ मीटर उंचीचा आहे, आणि मुलांकडे किंवा कामानिमित्त जपानला जाणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील मंडळींच्या यादीत तो सहसा नसतो. तो असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वेरूळला कैलास लेणे वरून खाली कोरत आणताना कठीण बेसाल्ट फोडावा लागला. नोकोगिरियामाचा दगड मात्र ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला, तुलनेने मऊ आहे, आणि एदो काळापासून (इ.स. १६०३ ते १८६८) तो बांधकामासाठी कापून समुद्रमार्गे नेला जात असे. त्या खाणकामाने उरलेले सरळसोट कडे आजही छिन्नीच्या खुणांसह उभे आहेत. अशाच एका कापलेल्या भिंतीत १९६६ साली सुमारे ३० मीटर उंचीची कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची (आपल्या अवलोकितेश्वराची), मूर्ती कोरून पूर्ण करण्यात आली, युद्धातील मृतांच्या आणि वाहतूक अपघातांत बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ. तिच्यासमोर मी बराच वेळ थांबलो. खाणीची भिंत पूजास्थान झालेली मी अन्यत्र पाहिलेली नाही.

डोंगराच्या दक्षिण उतारावरील निहोन-जी मंदिराची स्थापना परंपरेनुसार ७२५ सालची. तेथील बैठी बुद्धमूर्ती ३१ मीटर उंच आहे, म्हणजे कामाकुराच्या प्रसिद्ध बुद्धापेक्षा दुपटीहून अधिक. ती १७८३ साली कोरली गेली आणि १९६९ साली तिची डागडुजी पूर्ण झाली. अर्हतांच्या, म्हणजे निर्वाणपदाला पोहोचलेल्या बुद्धशिष्यांच्या, दीड हजारांहून अधिक मूर्तींपैकी अनेकांची शिरे मेइजी काळातील (१८६८ ते १९१२) बौद्धविरोधी लाटेत तोडली गेली; आपल्या लेण्यांतील भग्न मूर्ती पाहून ज्यांना हळहळ वाटली आहे, त्यांना येथेही पाऊल उचलवणार नाही.

सोयींविषयी सांगायचे तर हामा-कानाया स्थानकाजवळून निघणारा रोपवे काही मिनिटांत वर पोहोचवतो, परंतु जोराच्या वाऱ्यात तो बंद राहतो. पुढे पायऱ्या पुष्कळ आहेत आणि मोठी बुद्धमूर्ती बरीच खाली असल्याने परतीची चढण दमवते. गुडघे दुखणाऱ्यांनी वाहनाने थेट मूर्तीजवळच्या वाहनतळापर्यंत जावे. ‘जिगोकु नोझोकी’ (नरकात डोकावणे) या पुढे झुकलेल्या कड्यावरून खालची खाण आणि निरभ्र दिवशी उपसागरापलीकडचा फुजी दिसतो. कानायाच्या खानावळींत तळलेल्या माशांचाच बोलबाला असल्याने शाकाहारी मंडळींनी दशम्या-चटणी सोबत ठेवावी. चित्रकलेची आवड असल्यास जवळच्या होता गावातील, सतराव्या शतकातील चित्रकार हिशिकावा मोरोनोबू यांच्या नावाचे संग्रहालय पाहावे, आणि परतताना रेल्वेऐवजी कानायाहून उपसागरापलीकडच्या कुरिहामाला जाणारी, सुमारे ४० मिनिटांची फेरीबोट घ्यावी.