कपॅसिटी ट्रॅकर, सरकारी बुलेटिन आणि ट्रेनिंगचा परतावा: एक हिवाळा वापरून झाल्यावर

इंग्लंडमध्ये केअर होम किंवा घरोघरी जाणारी केअर एजन्सी चालवायची तर तीन गोष्टी वेळेत कळाव्या लागतात. यंदा कुणाला कोणती लस मिळणार, कोणतं ट्रेनिंग नव्याने सक्तीचं झालं, आणि पैसा कुठून, किती येणार. यातलं एक जरी उशिरा कळलं तरी त्याची झळ शेवटी खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला बसते. मी मिडलँड्समधल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये डेप्युटी मॅनेजर आहे. २०२५च्या उन्हाळ्यापासून हे सगळं माझ्याकडे आलं आणि अख्खा हिवाळा मी ते सांभाळलं. इथे केअरमध्ये आपली बरीच माणसं आहेत: सांगली-साताऱ्याकडून नर्स म्हणून आलेली, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची मंडळी, अलीकडे व्हिसावर केअरर म्हणून आलेली तरुण मुलं. त्यातले काही आता सिनियर झालेत, काही मॅनेजर. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी रोजच्या रोज वापरलेल्या गोष्टी तीन. पहिली, आरोग्य आणि सोशल केअर खात्याचं ईमेलने येणारं ॲडल्ट सोशल केअर बुलेटिन. दुसरी, कपॅसिटी ट्रॅकर, म्हणजे होमने रिकाम्या खाटा, स्टाफ आणि लसींचे आकडे भरायची वेबसाइट. तिसरी, स्किल्स फॉर केअर या संस्थेचं एएससी-डब्ल्यूडीएस, म्हणजे केअर क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची नोंद ठेवणारी वेबसाइट. ट्रेनिंगचे पैसे परत मिळण्याची वाट याच तिसऱ्या खात्यातून जाते. तिन्ही फुकट आहेत. माझं मत आधीच सांगते: तिन्ही वापरा, पण ती वाचायला एका माणसाला ड्युटीत ठरलेला वेळ द्या. नाहीतर माहिती ऑफिसच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते.

बुलेटिनपासून सुरू करते. एखादा नियम बदलला की तो कधीपासून, कुणाला लागू आणि मूळ कागद कुठे, हे एकाच ठिकाणी मिळतं. अफवांना उत्तर द्यायला मला याचा फार उपयोग झाला. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने केअरर आणण्याचा व्हिसा बंद झाला, तेव्हा आमच्या स्टाफमध्ये नुसती घबराट होती. कुणी म्हणे सगळ्यांना परत पाठवणार, कुणी म्हणे एक्स्टेंशनही मिळणार नाही. प्रत्यक्षात बंदी नव्याने परदेशातून अर्ज करणाऱ्यांना आहे. जे आधीपासून इथे कायदेशीर काम करताहेत त्यांना ठरलेल्या अटींवर २२ जुलै २०२८ पर्यंत इथूनच अर्ज करायची मुभा ठेवली आहे. ही एक ओळ छापून स्टाफरूममध्ये लावली तेव्हा दोन मुलींचं रडणं थांबलं. आणि हे आपल्याकडच्या लोकांनाही सांगायला हवं: गावाकडे कुणी एजंट अजूनही 'इंग्लंडमध्ये केअररचा व्हिसा काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

आता लसीकरण. इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झाला.

२०२४च्या हिवाळ्यात केअर होमच्या स्टाफला फ्लू आणि कोविड दोन्ही लसी मिळत होत्या. २०२५च्या हिवाळ्यात कोविडची लस मुख्यतः ७५ आणि त्यावरच्या लोकांना, वृद्धांच्या केअर होममध्ये राहणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ठेवली. स्टाफ त्या यादीतून बाहेर. फ्लूची लस मात्र स्टाफला पूर्वीसारखीच फुकट. हे बुलेटिनमध्ये आणि लसीकरणाच्या पत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण केअरर ते वाचत नाही, कारण ते तिच्याकडे जातच नाही. ऑक्टोबरात आमची एक केअरर सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून फार्मसीत गेली, कोविडच्या लसीसाठी. 'तुम्ही बसत नाही' ऐकून परत आली आणि फ्लूचीही न घेताच आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ताई, गेल्या वर्षी आम्ही फ्रंटलाइन होतो, यंदा नाही का?" तिचा प्रश्न रास्त होता. त्याच दिवशी औषधांच्या खोलीच्या दारावर मी मोठ्या अक्षरात कागद लावला: फ्लू, सगळ्या स्टाफला, फुकट. कोविड, यंदा वय किंवा आजारामुळे बसत असाल तरच. खाली जवळच्या फार्मसीचा पत्ता आणि 'ऑफिसमधून पत्र घेऊन जा' एवढंच. त्यानंतर फ्लूची लस घेणारे झपाट्याने वाढले.

लसीबद्दल स्टाफशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ११ नोव्हेंबर २०२१ पासून केअर होममध्ये काम करायला कोविडची लस सक्तीची होती. १५ मार्च २०२२ ला ती सक्ती उठली, पण तोवर कितीतरी चांगली, अनुभवी माणसं हे काम सोडून गेली होती. ती कटुता अजून आहे. म्हणून मी लसीचा विषय कधीच फर्मान म्हणून काढत नाही. काय मिळतं, कुठे मिळतं, न घेतल्यास कुणाला धोका, एवढं सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते.

रेसिडेंटच्या बाबतीत लवकर कळण्याचा फायदा वेगळा. डिमेन्शिया असलेल्या आजींची संमती घ्यायची तर आधी मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ प्रमाणे त्यांना स्वतः ठरवता येतं का हे पाहावं लागतं. नसेल येत, तर ज्याच्याकडे आरोग्याची पॉवर ऑफ ॲटर्नी आहे त्याला विचारायचं, तसं कुणी नसेल तर त्यांच्या हिताचा विचार करून निर्णय घ्यायचा आणि तो लिहून ठेवायचा. मुलगा ऑस्ट्रेलियात, मुलगी स्कॉटलंडमध्ये, फोन लागत नाही, असे प्रकार असतात. ऑगस्टमध्येच पात्रता कळली म्हणून आम्ही सप्टेंबरभर ही कामं उरकली आणि लस द्यायला पथक आलं त्या दिवशी कुणाचाही कागद अडला नाही. आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूवरच्या लसीबाबत मात्र नातेवाइकांना उत्तर देताना जड गेलं. १ सप्टेंबर २०२४ ला ती सुरू झाली तेव्हा मोठ्यांमध्ये ७५ ते ७९ वयाच्यांनाच होती. आमच्याकडे बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे. 'माझ्या आईला जास्त गरज आहे, मग तिलाच का नाही?' याला काय सांगणार? लसीकरणावरच्या सल्लागार समितीने २०२५ मध्ये ऐंशीच्या पुढच्यांना आणि केअर होममधल्या वृद्धांनाही ती द्यावी असा सल्ला दिला, तो कळल्यावर निदान सांगायला ठोस काही हाती आलं.

कपॅसिटी ट्रॅकरवर दर महिन्याला ८ ते १४ तारखेच्या दरम्यान माहिती भरावी लागते. हेल्थ अँड केअर ॲक्ट २०२२ प्रमाणे हे जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे. रिकाम्या खाटा, स्टाफ किती, आजारी किती, एजन्सीचे किती, लसी कुणाला झाल्या. भरायला तसा फार वेळ लागत नाही, आकडे तयार असले तर. आकडे तयार असणं हेच खरं काम. मी लसींची एक साधी एक्सेल शीट ठेवली आहे, लस झाली की त्याच दिवशी नोंद. रिकाम्या खाटा मात्र महिन्यातून एकदा नव्हे, बदलल्या की लगेच टाकाव्यात, कारण हॉस्पिटलमधून डिस्चार्ज करणाऱ्या टीम तिथे बघतात. आणि लॉगिन दोघांच्या नावाने ठेवा. मॅनेजर नेमकी त्या आठवड्यात सुट्टीवर असली तर पंचाईत होते.

ट्रेनिंगचा भाग मला सर्वात जास्त आवडला. आमच्यासारख्या छोट्या होमला खरा आर्थिक आधार इथूनच मिळाला. जुना वर्कफोर्स डेव्हलपमेंट फंड मार्च २०२४ मध्ये संपला. त्याच्या जागी लर्निंग अँड डेव्हलपमेंट सपोर्ट स्कीम आली. ती एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) बिझनेस सर्व्हिसेस ऑथॉरिटी चालवते. २०२५-२६ साठी तिच्यात १.२ कोटी पौंडांपर्यंत तरतूद होती. पद्धत अशी: आधी होमने कोर्सचे पैसे स्वतः भरायचे, मग पावती आणि पुरावे जोडून ऑनलाइन क्लेम करायचा. एएससी-डब्ल्यूडीएसचं खातं असणं आणि ते अद्ययावत असणं ही पहिली अट. लेव्हल २ ॲडल्ट सोशल केअर सर्टिफिकेटसाठी २०२५-२६ मध्ये माणशी १,५४० पौंडांपर्यंत परत मिळत होते. ही रक्कम छोटी नाही.

इथे नव्या मुलांची एक गल्लत होते, ती सोडवून सांगते. 'केअर सर्टिफिकेट' नावाचं जे नोकरी लागल्यावर सगळ्यांना करायला लावतात, ती मान्यताप्राप्त पदवी-पदविका नव्हे. त्याचे पूर्वी १५ भाग होते, मार्च २०२५ मध्ये लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमचा १६वा आला. मालक बदलला की पुष्कळदा ते पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. जून २०२४ पासूनचं लेव्हल २ सर्टिफिकेट मात्र रीतसर क्वालिफिकेशन आहे, ते माणसासोबत पुढच्या नोकरीत जातं. आपल्या मुलांनी मॅनेजरला हे नाव घेऊन विचारावं. आमच्या होममधल्या तीन केअररनी ते सुरू केलं आहे. त्यातली एक कोल्हापूरची मुलगी नाईट ड्युटीच्या ब्रेकमध्ये फोनवर असाइनमेंट लिहिते, आणि तिच्या केअर नोट्स आता वाचण्यासारख्या असतात: आजींनी किती पाणी घेतलं, डाव्या टाचेवर लाली कधी दिसली, कुणाला सांगितलं.

ऑलिव्हर मॅकगोवन ट्रेनिंगही आम्हाला बुलेटिनमुळेच वेळेत कळलं. ऑलिव्हर हा ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये २०१६ साली, वयाच्या १८व्या वर्षी गेलेला ऑटिस्टिक मुलगा. लर्निंग डिसॅबिलिटी आणि ऑटिझमचं ट्रेनिंग स्टाफला द्यायलाच हवं हे २०२२ पासून कायद्यात आहे, आणि ते कसं असावं याची नियमावली ६ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. वृद्धांच्या होमलाही ते लागू आहे. बुलेटिन वाचत नसते तर 'आपल्याकडे असे रेसिडेंटच नाहीत' म्हणून आम्हीही सोडून दिलं असतं.

पैशाच्या बाबतीत माहिती मिळते, पैसा मिळेलच असं नाही. मार्केट सस्टेनॅबिलिटी अँड इम्प्रूव्हमेंट फंड या सरकारी निधीचे २०२५-२६ मध्ये १.०५ अब्ज पौंड होते, पण ते स्थानिक कौन्सिलला, म्हणजे पालिकेसारख्या संस्थेला जातात. त्यातून होमच्या फीमध्ये किती वाढ द्यायची ते कौन्सिल ठरवते. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन ताशी ११.४४ वरून १२.२१ पौंड झालं, मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू होण्याची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली. केअरमध्ये पार्टटाइम बायका खूप, त्यामुळे हा शेवटचा बदल सर्वात जास्त लागला. आमच्याशी करार असलेल्या एका कौन्सिलचं फीवाढीचं पत्र मात्र वर्ष सुरू होऊन कितीतरी दिवस झाल्यावर आलं, तोवर पगार नव्या दरानेच गेले होते. नर्सिंगसाठी एनएचएसकडून थेट मिळणारा दर, रेसिडेंटमागे आठवड्याला २५४.०६ पौंड, त्यामानाने स्पष्ट होता. आता फेअर पे ॲग्रीमेंटची, म्हणजे केअररच्या पगाराबाबतच्या देशपातळीवरच्या कराराची चर्चा आहे, त्यासाठी सरकारने ५० कोटी पौंड जाहीर केलेत, पण ते २०२८ साठी. मी स्टाफला तारखेसकट सांगते, उगाच आशा लावत नाही.

उणीव सांगायची तर एकच, पण मोठी आहे. हे सगळं मॅनेजरसाठी लिहिलेलं असतं, लांब इंग्रजीत, ईमेलवर. इंग्लंडच्या सोशल केअरमध्ये सुमारे १६ लाख जागांवर माणसं काम करतात. त्यातली बहुतेक ऑफिसात बसत नाहीत. घरोघरी जाणाऱ्या केअररला तर स्टाफरूमचा फळाही नसतो. लसीची पात्रता बदलली की एका ओळीचा मेसेज थेट तिच्या फोनवर जायला हवा.

तोवर आम्ही जे करतो ते असं: बुलेटिन आलं की रोटामध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) तासभर माझ्या नावावर 'वाचन' लिहिलेलं असतं, त्या वेळी मला फ्लोअरवर बोलवत नाहीत. त्यातून स्टाफला लागू पडणाऱ्या दोन-तीन ओळी काढून सकाळ-रात्रीच्या हँडओव्हरच्या कागदावर रेसिडेंटच्या नोंदींखाली जातात आणि नर्स त्या मोठ्याने वाचते. घरोघरी केअर देणारी एजन्सी चालवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्याच ओळींचा व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेज करायला सुरुवात केली आहे, कारण तिच्या बायका गाडीत ऐकतात. बुलेटिनसाठी मॅनेजर असायची अट नाही, कुणालाही सरकारी वेबसाइटवर ईमेल देऊन नाव नोंदवता येतं. आमच्या रात्रीच्या सिनियरने गेल्या महिन्यात नोंदवलं, आणि आता कधी कधी तीच मला आधी सांगते.