मंद आचेवर पक्कं, मोठ्या जाळावर कच्चं: सांगलीतलं मलेशियन जेवण

विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यालगतच्या या मलेशियन रेस्टॉरंटात दोघांचं जेवण अडीच हजारांच्या घरात जातं. सांगलीच्या मानाने आकडा मोठा, म्हणून काय मागवायचं ते ठरवूनच जावं. इथला आचारी मंद आचेवरच्या पदार्थांत पक्का आहे. कढईत झटपट परतायचं आलं की मात्र गणित बिघडतं.

पहिलं मागवा मटण रेंदांग. नारळाच्या दुधात गवती चहा, आल्याच्या कुळातलं गलांगल आणि सुक्या मिरच्यांचं वाटण घालून मटण शिजवत ठेवतात. रस पातळ असेपर्यंत तो गुलाई, दाटला की कालिओ, आणि पाणी पार आटून मटण सुटलेल्या तेलात परतलं गेलं की रेंदांग. तीन-चार तासांचं काम आहे. वेळ वाचवायला पुष्कळ ठिकाणी कालिओवरच थांबतात आणि ताटात रस्सा येतो. इथे फोडी गडद तपकिरी, कोरड्या, मसाला अंगाला चिकटलेला. त्यात केरिसिक आहे, म्हणजे ओलं खोबरं खरपूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटलेलं. आपल्या वाटणाची सवय असलेल्या जिभेला ती चव लगेच ओळखू येते. सोबत साधा भात घ्या. रोटी चनाईही चांगली आहे, पण एकेक करून मागवा. तव्यावरून उतरताच दोन्ही तळव्यांनी दाबली तरच पदर सुटतात, थंड झाली की वातड होते.

नासी लमाकचा भात उत्तम. हा नारळाच्या दुधात शिजवलेला भात; दाट दूध सुरुवातीलाच घातलं तर ते तळाशी लागतं आणि वरचा भात कच्चा राहतो. इथे दाणा मऊ, तरी मोकळा आहे. वास पांदानच्या पानाचा. पांदान केवड्याच्या कुळातलं, आणि बासमतीला ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच त्याच्या पानात असतं. सोबतचं सांबल, म्हणजे मिरचीचं वाटण, तेही तेल सुटेपर्यंत परतलेलं, मिरचीचा कच्चा दर्प नाही. तक्रार एकच: वरची तळलेली सुकी मासळी, मांदेलीच्या जातीतली पण बारीक, मऊ पडलेली होती. ती आयत्या वेळी तळायला सांगा.

शाकाहारी मंडळींनी इथे जपून राहावं. सांबलमध्ये बलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मेन्यूवरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. ‘बलाचानशिवाय सांबल वेगळं केलंय का?’ असं स्पष्ट विचारा. कोळंबीची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बसतानाच सांगा.

चिकन साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं चिकन, बरं. मुरवणात हळद भरपूर, आणि हळदीच्या पेठेत ती चांगलीच असायला हवी, तशी आहे. पण शेंगदाण्याचा सॉस फार गुळगुळीत वाटलाय. कूट भरड हवं, दाताखाली यायला हवं.

‘चार क्वे तिआव’ हा परतलेल्या नूडल्सचा पदार्थ टाळा. तांदळाच्या रुंद नूडल्स धुरावलेल्या कढईत एका वेळी एक-दोन प्लेटच परतायच्या असतात. चार टेबलांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, मोड आलेल्या कडधान्याला पाणी सुटतं, आणि नूडल्स परतल्या न जाता वाफेवर शिजून गोळा होतात. इथे नेमकं तेच झालं आहे. धुराचा वास, जो या पदार्थाचा जीव, तो अजिबात नाही. मागवायचंच असेल तर गर्दी नसताना, साडेसातच्या आत.

लाक्सा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, इथे दाट नारळी रश्श्याची आहे, पेनांगची चिंचेची आंबट नव्हे. मेन्यूत हा फरक लिहिलेला नाही.

शेवटी चेंडॉल घ्या: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पांदानच्या हिरव्या शेवया. वरचा पाक ताडगुळाचा हवा. उसाच्या गुळाचा केला तर त्याला काकवीची चव येते आणि नारळाचं दूध मागे पडतं. इथे ताडगूळच आहे, पण पाक जास्त ओततात. वेगळ्या वाटीत मागा.

बिल येईल तेव्हा सेवा शुल्काची ओळ तपासा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप लावता येत नाही. नको असेल तर काढायला सांगा.