मुलाला घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना: ताबा आणि पोटगीचे मार्ग, शेजारी शेजारी ठेवून

घटस्फोट झालेला आहे. मुलगी आईकडे, पुण्यात. वडील महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भेटतात, दरमहा पोटगी जमा होते. आता आईला बंगळुरूला चांगली नोकरी मिळाली आहे आणि रुजू व्हायला दोन-तीन महिने आहेत. आधी न्यायालयात जायचे की आधी सामान हलवायचे? वकील, नातेवाईक आणि मैत्रिणी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देतात, कारण यात ताबा आणि पोटगी हे दोन प्रश्न गुंतलेले असतात आणि कायद्यात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आमचे मत आधीच सांगतो. ताब्याचा आणि भेटीचा प्रश्न जुन्या शहरातल्या न्यायालयातच, निघण्याआधी मिटवावा. पोटगीसाठी मात्र थांबून राहायची गरज नसते; पहिल्यांदाच मागायची असेल तर ती नव्या शहरातूनही मागता येते. खाली आईचे उदाहरण घेतले आहे. ताबा वडिलांकडे असेल तर, खास आईसाठी किंवा स्त्रीसाठी असलेल्या तरतुदी सोडून, ताब्याबद्दलचे बाकी सगळे तसेच लागू होते.

हातात कोणता आदेश आहे

तीन शक्यता असतात. पहिली, परस्परसंमतीच्या घटस्फोटातल्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या लेखी अटी. त्यांत 'न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला शहराबाहेर कायमचे नेणार नाही' अशी ओळ आहे का ते पाहा. ती नसली तरी तुम्ही मोकळ्या आहात असे नाही. शनिवारची भेट पुण्यात घडवायची जबाबदारी तुमचीच आहे. ती चुकली की वडील दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावू शकतात.

दुसरी, पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली न्यायालयाने नेमलेले पालकत्व. इथे कलम २६ स्पष्ट आहे: नेमणूक करणाऱ्या न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्याच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. न्यायालयाचा अधिकार चालू नये म्हणून नेले, किंवा नेल्याचा परिणाम तसा झाला, तर कलम ४४ खाली हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दंड किरकोळ आहे, पण 'या पालकाने न्यायालयाला डावलले' ही नोंद पुढे प्रत्येक तारखेला आडवी येते.

तिसरी, कसलाच आदेश नाही. नुसते वेगळे राहणे. अशा वेळी दोघेही नैसर्गिक पालक असतात आणि बाहेर जायला थेट मनाई नसते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ प्रमाणे ५ वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. तरीही निघण्याआधी ताब्याचा अर्ज दाखल करून जावे. अर्ज आधी कोणी केला आणि कुठे केला याला पुढे फार वजन येते.

सहमती, परवानगी, की आधी जाणे

*सहमतीने.* वडील तयार असतील तर हाच सर्वात स्वस्त आणि टिकाऊ मार्ग. सुधारित कन्सेंट टर्म्स लिहून त्याच कुटुंब न्यायालयात दाखल करायच्या, दोघांनी समुपदेशकापुढे आणि न्यायाधीशांपुढे हजर राहून त्या कबूल करायच्या आणि त्यावर आदेश घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'जा, माझी हरकत नाही' एवढे आले म्हणून निघून जाणे ही नेहमीची चूक आहे. असा मेसेज पुरावा म्हणून कामाला येईल, पण त्याची अंमलबजावणी करता येत नाही आणि जुना आदेश कागदावर तसाच जिवंत राहतो. नोटरीकडे केलेल्या करारालाही हेच लागू.

*परवानगीचा अर्ज.* वडिलांचा विरोध असेल तर ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच तो बदलून मागायचा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही (अंतिम निकालानंतरही) ताब्याचा आदेश बदलण्याची सोय आहे. ताब्याचे आदेश कायमचे नसतात, मुलाचे हित बदलले की तेही बदलतात, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. २०१० च्या एका निकालात तर संमतीने घटस्फोट घेतलेल्या आईला नोकरीसाठी मुलाला ऑस्ट्रेलियाला नेण्याची मुभा कायम ठेवली, आणि वडिलांच्या भेटीची वेगळी व्यवस्था लावून दिली.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा मजकुरामुळे. पाच पाने आईच्या नोकरीवर आणि मुलाबद्दल चार ओळी. न्यायालय आईची बढती तोलत नाही. मुलाचा दिवस तिथे कसा जाईल हे पाहते. म्हणून ऑफर लेटरसोबत या गोष्टी जोडा: नव्या शाळेचे प्रवेशपत्र, घराचा भाडेकरार, शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत मूल कोणाजवळ असेल त्या व्यक्तीचे नाव आणि नाते, मुलाचे औषधपाणी चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांची माहिती, आणि भेटीचे पूर्ण नवे वेळापत्रक. वेळापत्रक स्वतःहून दिले की वडिलांच्या 'से'मधला (अर्जावरच्या लेखी उत्तरातला) सर्वात मोठा आक्षेप, म्हणजे 'हिला मला मुलापासून तोडायचे आहे', तिथेच सैल पडतो.

मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलतात. कायद्यात त्यासाठी ठरावीक वय नाही. मुलाला उत्तरे पढवू नका; ते कळते आणि उलटते.

वेळेचे गणित कडक आहे. नोटीस बजावणे, 'से', समुपदेशकांचा अहवाल, युक्तिवाद यात महिने जातात. म्हणून मुख्य अर्जाबरोबरच 'निकाल लागेपर्यंत शैक्षणिक वर्षापुरती तात्पुरती परवानगी' असा अंतरिम अर्ज टाका.

*आधी जाणे, मग तिथे दाखल करणे.* हा मार्ग मोहात पाडतो, कारण १८९० च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज तिथल्या न्यायालयात करायचा असतो जिथे मूल 'सर्वसाधारणपणे राहते'. पण चार आठवड्यांपूर्वी आणलेले मूल तिथे सर्वसाधारणपणे राहते का? हा कायदा आणि वस्तुस्थिती या दोन्हींचा प्रश्न मानला जातो, त्यामुळे पहिले अनेक महिने ताब्यावर चर्चाच होत नाही. फक्त अधिकारक्षेत्रावर भांडण होते. दरम्यान वडील पुण्यात अंतरिम आदेश मिळवू शकतात, आणि मूल आदेश मोडून नेलेले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसही (मुलाला न्यायालयापुढे हजर करा, अशी याचिका) लावू शकतात. दोन राज्यांत दोन प्रकरणे झाली की एक प्रकरण दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाकडे वर्ग करण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठावे लागते. (पुण्याहून मडगावला जाणाऱ्यांना हा फेरा नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी उच्च न्यायालय एकच, त्यामुळे तिथेच काम होते.)

आधी निघून जाणे योग्य ठरते ते हिंसाचार असेल तेव्हा. मग वाट पाहू नये. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ च्या कलम २७ प्रमाणे स्त्री तात्पुरती राहत असेल तिथेही अर्ज करता येतो, आणि कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागता येतो.

पोटगी: कोणता कायदा बरोबर येतो

| मार्ग | नव्या शहरात दाखल होते का | मुलाला कधीपर्यंत | वसुलीची ताकद |
|---|---|---|---|
| भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४ (पूर्वीचे १२५) | हो, पत्नी राहते तिथे. घटस्फोटिता धरून | १८ पूर्ण. अपंगत्वामुळे स्वतःचे पोट भरू न शकल्यास पुढेही | प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद |
| हिंसाचारविरोधी कायदा, कलम २० | हो, तात्पुरत्या मुक्कामीही | १८ | थेट मालकाला पगारातून भरण्याचा आदेश |
| हिंदू विवाह अधिनियम, कलम २६ | नाही, जिथे मूळ दावा तिथेच | अज्ञान असेपर्यंत | दिवाणी दरखास्त |
| हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, कलम २० | वाद होतो. वडिलांचे शहर निर्धोक | १८. मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर लग्नापर्यंत | दिवाणी दरखास्त |

आधी पोटगीचा आदेशच नसेल तर बहुतेकांनी कलम १४४ धरावे. ते सर्व धर्मांना लागू आहे आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगी ठरवावी असे त्यातच लिहिले आहे. मोठी सोय वसुलीची. कलम १४७ प्रमाणे आदेशाची अंमलबजावणी वडील जिथे असतील तिथल्या कुठल्याही दंडाधिकाऱ्यापुढे करता येते. म्हणजे बंगळुरूचा आदेश, वडील नागपूरला, तर नागपुरात अर्ज. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. दोन-तीन वर्षांची थकबाकी साठवून मग जागे होणाऱ्या आयांचे हक्काचे पैसे इथेच बुडतात.

आईने पुनर्विवाह केला असेल तर मुलाचा हक्क जात नाही, पण ती 'पत्नी' राहत नसल्याने नव्या शहराच्या अधिकारक्षेत्रावर आक्षेप येऊ शकतो. तिने अर्ज वडिलांच्या शहरात करावा. आणि कन्सेंट टर्म्समध्ये 'मुलासाठी काही नको' असे लिहून दिले असले तरी मुलाचा स्वतंत्र हक्क त्याने संपत नाही.

आदेश आधीच असेल आणि फक्त रक्कम वाढवायची असेल तर ज्या न्यायालयाने ती ठरवली तिथेच जा. दिवाणी दरखास्तीत पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीचा जप्त होऊ शकतो, हेही माहीत असू द्या.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि आधीची पोटगी उघड करावी लागते. बंगळुरूचा वाढलेला पगार लपवू नका. तो वडिलांच्या वकिलांना सापडतोच, आणि मग खरा खर्चही खोटा वाटू लागतो.

प्रवासखर्च

मुलाच्या पोटगीचे ठरलेले सूत्र आपल्याकडे नाही. गरजा आणि दोघांची ऐपत पाहिली जाते. समजा आईचा हातात येणारा पगार ६०,००० आणि वडिलांचा ९०,०००. प्रमाण ४०:६०. मुलीचा मासिक खर्च २५,००० धरला तर वडिलांचा वाटा १५,००० आणि आईचा १०,०००. आता भेटींसाठी वर्षाला चार फेऱ्या, प्रत्येकी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,०००. त्यात आईचा वाटा १,६००. सगळी तिकिटे वडील काढणार असतील तर ते म्हणतात, पोटगी १३,४०० करा.

हे मान्य करू नका. फेरी रद्द झाली तरी कपात चालूच राहते. पोटगी १५,००० च ठेवावी आणि प्रवासखर्चाचे वेगळे कलम लिहावे: तिकीट दाखवल्यावर १५ दिवसांत ४० टक्के परत.

भेटीचे वेळापत्रक: इथे सर्वाधिक घोळ होतो

'दिवाळीच्या सुट्टीचा निम्मा काळ वडिलांकडे' ही ओळ महाराष्ट्रात ठीक आहे. कर्नाटकातल्या राज्य मंडळाच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला मोजके दिवस. त्यामुळे वडिलांच्या वाट्याला एक-दोन दिवस येतात आणि वादाला तोंड फुटते. उन्हाळ्याचेही तसेच. तिथे शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते, आपल्याकडे जूनच्या मध्यावर. 'संपूर्ण मे आणि १० जूनपर्यंत' असे लिहून ठेवले तर शाळेचा पहिला आठवडा बुडतो. म्हणून सणाचे नाव न लिहिता असे लिहा:

'मुलीच्या शाळेच्या वार्षिक दिनदर्शिकेतील सर्वात मोठ्या दोन सुट्ट्यांचे निम्मे दिवस वडिलांकडे. दिनदर्शिका मिळाल्यापासून ७ दिवसांत आई ती ईमेलने पाठवेल. तारखा त्यानंतर १५ दिवसांत नक्की होतील. न झाल्यास सुट्टीचा पहिला निम्मा भाग वडिलांचा.'

शेवटचे अर्धे वाक्य फार मोलाचे आहे. ते नसेल तर तारखा ठरत नाहीत आणि दोघांनाही पुन्हा न्यायालयात जावे लागते.

मुलाला आणायचे कोणी, पोचवायचे कोणी, कुठल्या स्टेशनवर, हे लिहा. एका वेळी वडिलांनी न्यायचे आणि परत आईने आणायचे, ही वाटणी दोघांनाही झेपते. मूल एकट्याने विमानाने जाणार असेल तर कंपनीचा वयाचा नियम आणि सोबतीचे शुल्क आधी विचारा. सोडणाऱ्या आणि घेणाऱ्या व्यक्तीची नावे ओळखपत्रासह द्यावी लागतात.

व्हिडिओ कॉलची वेळही आदेशात हवी. दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज ५ ते १० मिनिटे बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. रात्री ८ ते ८.१५, कॉल कोण लावणार, कोणत्या नंबरवर, एवढे पुरे. आणि पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवणाऱ्या वडिलांनाही हेच सांगणे आहे. कायद्यात एक दुसऱ्याची अट नाही आणि दोन्हींत भरडते ते मूल.

शाळा

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ चा आधार आहे: दुसऱ्या राज्यात जाताना दाखला ताबडतोब मिळाला पाहिजे, आणि दाखला उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश रोखता येत नाही. भाषेचे मात्र बघून ठेवा. कर्नाटकात कन्नड, तेलंगणात तेलुगू शिकणे कायद्याने सक्तीचे आहे. पाचवीतल्या मुलीला नवी लिपी पहिल्यापासून गिरवावी लागेल, तर शिकवणीची सोय काय, हे अर्जातच सांगा.

नववीत किंवा दहावीत हलवणार असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायला, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागते. कर्नाटकात राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे तिथे ७ वर्षे शिकल्याची अट असते. दहावीच्या तोंडावर गेलेले मूल दोन्हीकडून सुटू शकते. मुलीचा ओढा तिकडे असेल तर रुजू होण्याची तारीख दहावीच्या परीक्षेपर्यंत पुढे ढकलता येते का, हे ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीला विचारा. वडिलांच्या 'से'मध्ये हा मुद्दा आला आणि तुमच्याकडे उत्तर नसले, तर अर्ज बाकी कितीही चांगला असला तरी तिथेच अडकेल.