डीएचसीपी स्नूपिंगवाला मॅनेज्ड स्विच: काही महिने वापरल्यावर

चोवीस पोर्टचा हा स्विच आम्ही ऑफिसात वेगासाठी घेतलाच नव्हता, घेतला तो एका सोयीसाठी: डीएचसीपी स्नूपिंग. डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटायची पद्धत, आणि स्नूपिंग म्हणजे हे पत्ते भलत्याच पोर्टवरून कुणी वाटू लागलं तर स्विचने ते अडवणं. बाकीची माहिती कंपनीच्या पानावर आहे, त्यात वेळ घालवत नाही.

दुखणं असं होतं. मधूनच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर इंटरनेट बंद, प्रिंटर सापडेना, आणि शेजारच्या टेबलावर सगळं सुरळीत. रीस्टार्ट केल्यावर कधी चालायचं, कधी नाही. अशा वेळी माणसं केबल आणि अँटिव्हायरसच्या मागे लागतात. माझं म्हणणं, आधी विंडोजच्या कमांड विंडोत 'आयपीकॉन्फिग /ऑल' मारा आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ वाचा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कुणाकडूनच उत्तर आलेलं नाही, विंडोजने स्वतःच पत्ता घेतलाय. पत्ता धड दिसतोय, पण त्या ओळीत आपल्या राउटरऐवजी भलताच आकडा आहे, तर नेटवर्कवर दुसरंच कुणीतरी पत्ते वाटतंय. आमचे पत्ते १० ने सुरू होणारे. बंद पडलेल्या मशीनवर मात्र १९२.१६८.१ मधला पत्ता, गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता) आणि डीएनएसही (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) तिथलेच.

हे होऊ शकतं, कारण कॉम्प्युटर 'मला पत्ता द्या' असं सगळ्या नेटवर्कला विचारतो आणि सहसा ज्याची ऑफर आधी येते त्याचीच घेतो. देणारा खरा की खोटा, हे तपासत नाही. डीएचसीपी बरंच असुरक्षित आहे, हे डीएचसीपीचे नियम ठरवणाऱ्या १९९७ च्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलेलं आहे. वर, पत्ता ठराविक मुदतीपुरताच मिळतो, त्याला लीज म्हणतात. तिची निम्मी मुदत संपली की मशीन मुदतवाढ मागायला त्याच सर्व्हरकडे जातं, म्हणजे चुकीच्या सर्व्हरला चिकटलेलं मशीन चिकटूनच राहतं. 'एआरपी -ए' या कमांडमधून खोट्या गेटवेचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) मिळतो, त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बहुतेकदा बनवणारी कंपनीही कळते. पण ते उपकरण कुठल्या पोर्टवर बसलंय हे साधा स्विच सांगत नाही. एकेक वायर उपसून बघावी लागते, आणि भर कामाच्या वेळी ते करणं म्हणजे सगळ्या ऑफिसच्या शिव्या खाणं.

म्हणून हा स्विच. आणि सुरुवातीला त्याने अक्षरशः छळलं. राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रस्टेड केला (म्हणजे पत्ते वाटायची परवानगी फक्त तिथूनच), बाकीचे अनट्रस्टेड ठेवले, स्नूपिंग चालू केलं, आणि नव्याने सुरू होणाऱ्या एकाही कॉम्प्युटरला पत्ता मिळेना. सर्व्हिसवाल्यांना फोन केला. आधी म्हणाले फॅक्टरी रीसेट करा, मग फर्मवेअर टाका, मग तुमचा राउटर तपासा. शेवटी राउटरचा पोर्ट मिरर करून (त्यावरच्या पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क हे पॅकेट वाचायचं सॉफ्टवेअर लावलं. डिस्कव्हर, म्हणजे कॉम्प्युटरची पत्त्याची मागणी, जात होता, राउटरची ऑफर येत नव्हती. प्रत्येक डिस्कव्हरला स्विच आपणहून ऑप्शन ८२ (मागणी कुठल्या पोर्टवरून आली ती माहिती) जोडत होता, आणि मध्ये कुठलाही रिले (मागणी दुसऱ्या नेटवर्कवरच्या सर्व्हरकडे पोचवणारं उपकरण) नसताना ऑप्शन ८२ दिसला की आमचा राउटर ते पॅकेट फेकून देत होता. ते बंद करायची खूण स्नूपिंगच्या पानावर नाहीच, दुसऱ्याच मेनूत आहे. ती काढली आणि सगळं सुरू झालं. तेव्हा लिहायला बसलो असतो तर एक तारा दिला असता.

मत बदललं ते एका दुपारी. लॉगमध्ये ओळ आली: पोर्ट १७, अनट्रस्टेड, डीएचसीपी ऑफर ड्रॉप, पुढे मॅक पत्ता. वायर धरून गेलो तर मीटिंग रूमच्या कपाटामागे घरगुती वायफाय राउटर, भिंतीतली केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचलेली. त्या कोपऱ्यात रेंज नाही म्हणून कुणीतरी आणला होता. त्याचं डीएचसीपी बंद करून ॲक्सेस पॉइंट म्हणून तिथेच ठेवला. कुणाचंही काम अडलं नाही, कुणाला कळलंही नाही. या एका ओळीसाठी पैसे वसूल झाले.

आता तक्रार, आणि ती मी सोडणार नाही. या स्विचला बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली की लॉग १ जानेवारी १९७० पासून सुरू. नेटवर्कवरून वेळ जुळवून घ्यायची सोय, एनटीपी, आहे, पण मुळात बंद असतं, आणि दिलेला सर्व्हर नावाने आहे, त्यामुळे आधी स्विचला डीएनएस भरून द्यावा लागतो. मी राउटरचाच आयपी दिला. तरी वेळ जुळेपर्यंतच्या ओळी १९७० च्याच. क्षुल्लक वाटेल, पण वीज आल्यावरच सगळी मशीन एकदम पत्ते मागतात, आगंतुक राउटरही तेव्हाच जागा होतो. ज्या मिनिटांचा लॉग हवा, नेमक्या त्यांचीच वेळ खोटी. जुना लॉग तर रीस्टार्टमध्ये पुसलाच जातो. म्हणून सगळ्या ओळी सिसलॉगने (नेटवर्कवरून लॉग पाठवायची पद्धत) दुसऱ्या मशीनवर पाठवतो, तिथे आल्याची वेळ बरोबर पडते. कंपनीचं उत्तर, 'डिझाइन असंच आहे.' नेटवर्कवर नजर ठेवायला विकलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर मला मान्य नाही.

स्नूपिंगचा बाइंडिंग टेबलही (कुठल्या पोर्टवर कुणाला कुठला पत्ता मिळाला त्याची यादी) रीस्टार्टमध्ये जातो, म्हणून या यादीशी न जुळणारे पत्त्यांचे दावे अडवणारं एआरपी इन्स्पेक्शन चालू केलेलं नाही. ज्यांची लीज अजून शिल्लक आहे ती मशीन नव्याने पत्ता मागत नाहीत, टेबलात त्यांची नोंद होत नाही, आणि ती विनाकारण अडकतात. आणि 'अप्लाय' नंतर 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं, विसरू नका.

घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एखाद्या पोर्टखाली टेबलाजवळचा साधा पाच पोर्टचा स्विच असेल, तर त्याच्यावर लावलेला खोटा राउटर त्याच स्विचवरच्या मशीनना चुकीचे पत्ते देतच राहतो, ते पॅकेट वरपर्यंत येण्याआधीच मशीनपाशी पोचलेलं असतं. आमच्या अकाउंट्समध्ये असे दोन आहेत. तिथे प्रत्येक टेबलाला थेट केबल ओढायचं काम सध्या चालू आहे.