धर्मादाय दुकानातली नऊ महिन्यांची खरेदी: काय टिकले, काय फसले

गेले नऊ महिने मी कपडे, पुस्तके आणि घरातल्या किरकोळ वस्तू शक्यतो एका सेवाभावी संस्थेच्या थ्रिफ्ट स्टोअरमधूनच घेत आहे. लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तू तिथे विकल्या जातात आणि त्या पैशांतून संस्थेचे काम चालते. पहिल्या भेटीनंतर लगेच लिहायला बसले असते, तर हा मजकूर निव्वळ कौतुकाचा झाला असता. तिसऱ्या महिन्यात लिहिला असता, तर निव्वळ तक्रारीचा. एरवी मालाची जी तपासणी कारखाना आणि दुकानदार करतात, ती इथे सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या माथी असते, ही गोष्ट पचायला मला तेवढा वेळ लागला.

सुरुवातीला मी यादी करून जात असे, आणि ती चूक होती. या दुकानात आज काय असेल, हे कुणाच्या घरातले कपाट याच आठवड्यात आवरले गेले यावर ठरते. गिऱ्हाइकाला काय हवे आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्यामुळे यादीतले काही मिळत नसे, आणि रिकाम्या हाताने परतणे जिवावर आल्यामुळे यादीत नसलेले काहीतरी पिशवीत येत असे. अशा रीतीने पहिल्या दोन महिन्यांत घेतलेल्या पाच शर्टांपैकी तीन मी एकदाही घातलेले नाहीत. स्वस्त वस्तू वापरली गेली नाही तर ती महागच पडते, हे मला ठाऊक होते, पण सवलतीच्या टॅगसमोर ते आठवत नाही.

त्या टॅगांचीही एक पद्धत असते. वस्तू मांडताना तिला त्या आठवड्याच्या ठरलेल्या रंगाचा टॅग लावतात, काही आठवडे उलटले की त्या रंगावर सवलत जाहीर होते आणि तरीही वस्तू पडून राहिली, तर ती काढून नव्या मालाला जागा केली जाते. काढलेले कपडे बहुधा घाऊक व्यापाऱ्यांकडे जातात. त्यांतले काही पुन्हा विकले जातात, तर काहींची पुसण्याची फडकी होतात. हे गणित कळल्यावर एका लोकरी कोटासाठी मी सवलतीचा आठवडा येईपर्यंत थांबायचे ठरवले. आदल्याच दिवशी तो कुणीतरी नेला. तेव्हापासून मनापासून आवडलेली वस्तू मी पूर्ण किमतीला घेते आणि सवलतीची वाट फक्त चादरी आणि पडदे यांच्यासाठी पाहते.

कपड्यांच्या तपासणीवर मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा सगळा फायदा आणि बहुतेक नुकसान तिथलेच आहे. कापूस, लोकर आणि लिनन यांचे जुने कपडे घ्यावेत, असे माझे मत झाले आहे. जे आटायचे, विटायचे किंवा गोळे धरायचे, ते पहिल्या मालकाकडेच होऊन गेलेले असते आणि त्यातूनही चांगला राहिलेला कपडा पुढेही चांगला राहण्याची शक्यता अधिक. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्यात घामाचा वास सुती कापडापेक्षा जास्त चिकटून राहतो, आणि कपडा दुकानात थंड असताना तो वास जाणवत नाही; अंगाच्या उबेने तासाभरात पुन्हा उठतो. म्हणून मी आता काखेचा भाग, कॉलरची आतली दुमड आणि पँटची दोन पायांमधली शिवण आधी पाहते, रंग आणि काट नंतर. लोकरी कपडा उजेडासमोर धरावा, म्हणजे कसर लागलेली बारीक छिद्रे दिसतात. छिद्र नसले तरी कसरीची अंडी असू शकतात, म्हणून लोकरीचे काहीही घरी आणले की ते पिशवीत गच्च बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते. घरच्यांना हा प्रकार अजूनही विनोदी वाटतो. लेबलवरच्या मापावर विश्वास ठेवू नये. निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या कंपन्यांत एकाच आकड्याचा अर्थ वेगळा असतो, शिवाय धुण्याने आटलेल्या कपड्याचे लेबल जुनेच माप सांगत राहते. मापाची टेप पर्समध्ये ठेवल्यापासून मापाच्या बाबतीत माझी एकही फसगत झालेली नाही.

सर्वांत मोठी फसगत बुटांची झाली. जवळजवळ कोरे वाटणारे, तळाला घासल्याची खूण नसलेले चालण्याचे बूट मी मोठ्या आनंदाने आणले आणि दुसऱ्याच फेरीत एका बुटाचा सोल चुऱ्यासारखा गळू लागला. नंतर शोध घेतल्यावर कळले की पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे सोल हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षे आतून विघटित होत जातात आणि न वापरता खोक्यात ठेवलेले बूटही त्यातून सुटत नाहीत. म्हणजे ज्या कोरेपणावर मी भाळले, तोच बूट दीर्घकाळ पडून असल्याचा पुरावा होता! कृत्रिम चामड्याच्या पर्स पापुद्रे सुटून सोलल्या जातात, त्याचेही कारण पुष्कळदा हेच असते. आता मी सोल वाकवून आणि अंगठ्याच्या नखाने दाबून पाहते. विकलेला माल परत न घेण्याचा दुकानाचा नियम पावतीवर स्पष्ट छापलेला होता, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही उरले नव्हते.

पुस्तकांबाबत अनुभव उत्तम आहे, फक्त पिवळी पडलेली आणि कुबट वास येणारी पुस्तके घेऊ नयेत, कारण बुरशी शेजारच्या पुस्तकांकडे सरकते. विजेची उपकरणे दुकानात लावून दाखवत असतील तरच घ्यावीत. हेल्मेट आणि मुलांची कारमधली आसने कितीही नवी दिसली तरी घेऊ नयेत. एकदा आघात सोसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसते, आतले फोम मात्र दबून गेलेले असते.

किमतींविषयी माझी नाराजी आहे. साध्या, पातळ कापडाच्या कपड्यावर नव्या कपड्याच्या जवळपास जाणारी किंमत लावलेली मी अनेकदा पाहिली, तर उत्कृष्ट शिवणीचा कोट कवडीमोल. किंमत लावणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि हजारो वस्तूंची पारख कुणालाच शक्य नाही, हे मान्य आहे. मात्र उसवलेली शिवण आणि तुटलेली चेन तशीच ठेवून वस्तू मांडणे मला खटकते. अमेरिकेत बॉस्टन इथे 1902 मध्ये एडगर हेल्म्स या पाद्र्यांनी ज्या कामातून गुडविल ही संस्था उभी केली, त्यात सधन वस्त्यांतून जमवलेल्या वस्तू गरजू लोकांकडून दुरुस्त करून घेतल्या जात आणि त्या कामातून त्यांची उपजीविका होत असे. दुरुस्ती हा त्या कल्पनेचा गाभा होता. मी जाते त्या दुकानात सुईदोऱ्याचे काम गिऱ्हाईकच करते, आणि किंमत लावताना ते धरले जात नाही.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा देणारी म्हणून तिथे गेले. तीन पिशव्या नेल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी मी दुकानात जसे कपडे पाहते, अगदी तसेच माझे कपडे उलटसुलट करून पाहिले आणि एक पिशवी नम्रपणे परत केली. विकता न येणारे सामान टाकून देण्याचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो, असे त्यांनी सांगितले. त्या पिशवीत दोन उशा, पापुद्रे सुटलेली एक पर्स आणि मी कधीही न घातलेल्या तीन शर्टांपैकी एक, काखेत पिवळा पडलेला, होता. पिशवी अजून पलंगाखालीच आहे.