दांडगा जोडीदार की काटेकोर? दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण हवं

प्रस्तरारोहणासाठी कायमचा जोडीदार ठरवायची वेळ आली तेव्हा माझ्यासमोर दोन जण होते. एक दांडगा: वर्षानुवर्षं कातळावर हात घासलेला, माझ्यापेक्षा दोन ग्रेड (काठिण्याच्या पायऱ्या) वरचे रूट, म्हणजे चढाईचे मार्ग, सहज लीड करणारा, म्हणजे दोर घेऊन आधी चढणारा. दुसरी काटेकोर: ग्रेड माझ्याइतकीच मध्यम, पण दर वेळी गाठ बघणार, दर वेळी विचारणार. माणसं दोघंही भली. दोघांबरोबर मी दोन-दोन मोसम चढलो. माझा कौल कुणाला हे पुढे कळेलच, पण तुमची गरज निराळी असू शकते, म्हणून आधी दांडग्याची बाजू मांडतो. ती हलकी नाही.

त्याच्याबरोबर चढताना मी भराभर शिकलो. तो लीड करून वर गेला की त्याच्यामागून चढताना पाय कुठे ठेवायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे पाहूनच कळायचं. मल्टिपिचवर, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढायच्या उंच रूटवर, तर त्याचा फार आधार. एकदा रॅपल करून, म्हणजे दोरावरून घसरत, उतरल्यावर आमचा दोर ओढताना वरच्या भेगेत अडकला. अंधार पडायला तासभर उरला असेल. मी हिसके देत होतो. त्याने माझा हात धरला, दोर आणखी ओढू दिला नाही, बाजूला सरकून कोन बदलला आणि हळूच लाट सोडली. तिसऱ्या लाटेला दोर सुटला. काटेकोर जोडीदाराला हे तेव्हा जमलं नसतं, आणि मला तर नाहीच.

वजनाचा मुद्दाही त्याच्या बाजूचा. आम्ही दोघं साधारण सारख्या वजनाचे. मी पडलो की खालून दोर सांभाळणारा, म्हणजे बिले देणारा, तो बरोबर त्या क्षणी हलकी उडी घ्यायचा, आणि मी कातळावर आपटण्याऐवजी गादीवर बसल्यासारखा थांबायचो. काटेकोर जोडीदार माझ्यापेक्षा वीसेक किलोंनी हलकी. पहिल्यांदा मी तिच्या बिलेवर पडलो तेव्हा ती जमिनीवरून उचलली जाऊन थेट कातळात ठोकलेल्या पहिल्या बोल्टपर्यंत वर आली आणि तिचा गुडघा कातळावर सडकून आपटला. त्यानंतर आम्ही पहिल्या बोल्टला घर्षण वाढवणारं उपकरण लावायला लागलो (एडेलरिडचं ‘ओम’ अशाच जोड्यांसाठी आहे). एक वस्तू जास्त वागवावी लागते, दोर थोडा जड चालतो. पण त्या दिवशीची एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. गुडघा फुटला होता, ती हवेत तिरपी लटकत होती, आणि ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात मांडीशी घट्ट होता. तो हात कणभरही हलला नव्हता.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. गोष्ट एका शब्दाची आहे. चढण्याआधी मी हार्नेसला (कमरपट्ट्याला) दोर बांधलेली गाठ पुढे करून म्हणायचो, “बघ रे.” तो म्हणायचा, “बघितलं.” नजर मात्र वर, रूटवर. आवाजात किंचित कंटाळा. सुरुवातीला मला वाटायचं, एवढा अनुभवी माणूस, ओझरती नजर पुरत असेल त्याला. मग मीही त्याचा कॅराबिनर (दोराचं उपकरण अडकवायची, स्क्रूने बंद होणारी कडी) बघायचं हळूहळू सोडलं. बघायला गेलो की त्याचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी वीसेक मीटरचा रूट चढून, वरच्या अँकरवरून त्याच्या बिलेवर खाली आलो. पाय टेकले, गाठ सोडायला वाकलो आणि समोर त्याच्या बिले डिव्हाइसचा कॅराबिनर दिसला. स्क्रू पूर्ण उघडा. बोट लावलं तर गेट आत गेलं. मी पूर्ण वजन टाकून त्यावरच लोंबकळत उतरलो होतो. मी दाखवलं तर तो म्हणाला, “काही झालं नाही ना?” आणि स्क्रू फिरवून पुढच्या रूटकडे निघाला.

राग आला तो उघड्या स्क्रूचा नव्हे. स्क्रू कुणाचाही उघडा राहू शकतो. एकमेकांना तपासायचं ते त्यासाठीच. त्याच्या कंटाळ्याने माझी तपासायची सवय मोडली होती, ते मला सहन झालं नाही.

अनुभव असला की अशी चूक होत नाही, असं वाटत असेल तर लिन हिलचं उदाहरण बघा. १९८९ मध्ये ती जगातल्या अव्वल आरोहकांत होती. फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे सरावाच्या सोप्या रूटआधी तिने दोर हार्नेसमधून ओवला, तेवढ्यात लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ अर्धीच राहिली. वर पोहोचून खाली उतरवलं जाईल म्हणून ती मागे रेलली आणि वीसहून अधिक मीटर खाली पडली. झाडात अडकल्यामुळे वाचली, कोपर निखळलं. पुढे १९९३ मध्ये तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्यावरचा ‘नोज’ हा रूट पहिल्यांदा फ्री, म्हणजे दोराला न लोंबकळता फक्त हातापायांनी, चढून दाखवला. त्या तोडीच्या बाईची गाठ राहू शकते, तर आपली कुणाचीही राहू शकते.

बिले देण्यातही मला फरक जाणवला, अर्थात मोजपट्टी लावून मी काही मोजलेलं नाही. तो कातळापासून तीन पावलं मागे, शेजारच्या जोडीशी बोलत उभा राहायचा. दोर पायाशी झोळीसारखा. मी काही म्हटलं की “ग्रिग्री आहे ना!” पेट्झलचं ग्रिग्री, म्हणजे झटका बसला की दोर चिमटून धरणारं बिलेचं उपकरण, १९९१ पासून आहे आणि उत्तम आहे, पण दोर पटकन सोडताना अंगठ्याने त्याचा कॅम (दोर चिमटणारा भाग) दाबून धरला तर ते दोर अडवत नाही. ब्रेकचा हात सुटलेला त्यालाही चालत नाही.

झोळीचा, म्हणजे सैल दोराचा, हिशेब एकदा करून बघा. दुसरा बोल्ट साडेपाच मीटरवर, तिसरा साडेसातवर. तुमचा हार्नेस साडेसहावर आहे आणि तिसऱ्यात अडकवायला तुम्ही दोर वर ओढलाय. तिथे पाय घसरला तर दुसऱ्या बोल्टच्या पुढे तीन मीटर दोर आहे, म्हणजे हार्नेस अडीच मीटरवर येणार आणि पाय त्याहून मीटरभर खाली. दोर ताणला की उरलेल्यातलंही बरंच जातं. त्यात खाली मीटरभर झोळी असेल तर जमीनच. काटेकोर जोडीदार मात्र मी दोर ओढला की एक पाऊल पुढे येते, क्लिपचा आवाज झाला की मागे जाते. वर चढताना हे दिसत नाही, पण दोरातून कळतं.

तिचा उशीर होतो, हे खरं. दोराच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय ती कुणाला उतरवत नाही, लहान रूटलासुद्धा. दिवसाकाठी एखादा रूट कमी होतो. ज्याला हंगाम छोटा आणि ग्रेड वाढवायची घाई आहे, त्याला हे जाचेल. मलाही पहिले काही दिवस जाचलं.

तुमच्यासमोर असेच दोघं असतील तर त्यांच्याबरोबर चढण्याआधी ते दुसऱ्या कुणाला बिले देताना अर्धा तास बघा. आणि एखाद्या दिवशी अर्ध्यातून “आज नको, उतरव” म्हणा. तिने मला एकदाही कारण विचारलं नाही, तो दर वेळी “अजून दोनच मूव्ह” म्हणायचा.

माझा कायमचा जोडीदार म्हणून मी तिलाच धरलं, याला आता चौथा मोसम. मोठ्या मल्टिपिचला त्याला अजून बोलावतो, कारण तिथलं त्याचं ज्ञान मला हवं असतं. फक्त आता त्याने “बघितलं” म्हटलं की मी जागचा हलत नाही. तो वैतागतो, माझी गाठ हातात घेऊन बघतो, स्वतःचा कॅराबिनर दोन बोटांत दाबून दाखवतो. मग मी पहिल्या होल्डला हात घालतो.